स्टेंट टाकला, बसल्या जागी रिपोर्ट छान, मग चढावर पोटरी का भरते?

कृष्णाकाठ_कराड

नमस्कार मंडळी, जरा लांबडं होणार आहे, सांभाळून घ्या. प्रश्न आमच्या आप्पांचा आहे. वय ६८, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर, बीपीची गोळी चालू, शुगर नाही, बिडी मात्र चाळीस वर्षं (ती स्टेंट पडल्यावर सुटली, त्याआधी घरातले सगळे सांगून थकले होते). गेली दोन-अडीच वर्षं त्यांना चाललं की उजव्या पोटरीत गोळा यायचा. संध्याकाळी घरापासून प्रीतिसंगमापर्यंत जायचा नेम, आणि त्यात थांबे ठरलेले, पहिला गिरणीपाशी, दुसरा मेडिकलपाशी, तिसरा घाट उतरायच्या आधी. थांबलोय असं दाखवायचे मात्र नाहीत, कुणाला तरी हाक मारून गप्पा काढायचे. गिरणीवाला म्हणायचा, आप्पांना माणसांची लई हौस. दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की पाय मोकळा, परत तेवढंच चाललं की परत गोळा.

आम्ही दीड वर्ष कंबर कंबर करत घालवलं. एमआरआय झाला, पट्टा झाला, ट्रॅक्शन झालं, एका मोठ्या हॉस्पिटलात तर ऑपरेशनची तारीखच द्यायला निघाले होते. तेवढ्या वर्षात कुणी पँट वर करून पाय बघितला नाही हो. शेवटी एका तरुण डॉक्टरने पायाच्या पाठीवर बोट ठेवलं, मग घोट्याच्या आत, मग जांघेत, आणि म्हणाला काका कंबर सोडा, नाडीच लागत नाहीये.

पुढं डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी), सीटी अँजिओ (धमन्यांचा स्कॅन). पोटातनं उजव्या जांघेकडं जाणारी धमनी ८० टक्के बंद, आणि खाली मांडीतल्या धमनीत ४०-५० टक्के. वरचीला फुगा मारून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला, खालचं आत्ता राहू दे म्हणाले. एबीआय, म्हणजे घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर, आधी ०.५८ होता तो ०.९३ झाला.

आता माझं डोकं कुठं अडकलंय ते सांगतो. एक म्हणजे आधीसुद्धा बसलेले असताना पाय गरम असायचा, जखम नाही, रात्री दुखणं नाही. मग ८० टक्के बंद असून बसल्या जागी रक्त पुरत होतं आणि चालताना पुरत नव्हतं हे कसं? दुसरं, ट्रेडमिलवर चालवून परत प्रेशर घेतलं ते काय बघायला? रिपोर्टमध्ये चालून झाल्यावर ०.७६ लिहिलंय, म्हणजे स्टेंट टाकूनही कमीच पडतंय का? कारण सपाटीला आता काही होत नाही पण चढावर पोटरी भरून येते, गोळा नाही, जडपणा. आणि तिसरं, डॉक्टर म्हणतात रोज चाला, दुखेपर्यंत चाला. आत्या म्हणते स्टेंट सरकेल, सहा महिने पाय हलवू नका. घरात रोज हाच विषय.

शांत_सरोवर

माझ्या सासऱ्यांना असंच होतं. कोमट एरंडेल तेलाने रगडून मालिश आणि गरम पाण्याची पिशवी, पंधरा दिवसात ब्लॉक विरघळतो. उगाच स्टेंटच्या मागे लागलात.

डॉप्लरताई

सरोवर, प्लीज असं नका लिहू, लोक वाचून करतात. धमनीच्या भिंतीत चरबी आणि चुना साचलेला असतो, तो तेलाने कुठला विरघळतोय. आणि ज्या पायात रक्त कमी आहे त्याला गरम पिशवी म्हणजे भाजून घ्यायला आमंत्रण, त्यात शुगर असेल तर चटका बसलेलाही कळत नाही आणि मग ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. असे फोड आलेले पाय मी टेबलावर बघितलेत.

कृष्णाकाठ दादा, मी डॉक्टर नाही, पुण्यात व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) लॅबमध्ये डॉप्लर आणि ट्रेडमिल टेस्ट करते, बारा वर्षं झाली, तेव्हा गोळ्या-औषधांचं तुमच्या सर्जननाच विचारा. बाकी सांगते.

बसल्या जागी पायाला लागतं किती? एका पायाला मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त. एवढं ८० टक्के बंद धमनीतूनही जातं, कारण शरीर दोन गोष्टी करतं. आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हळूहळू रुंद होऊन आडवाटेने रक्त आणतात, आणि पोटरीतल्या अगदी बारीक वाहिन्या आधीच थोड्या उघडून बसतात, म्हणजे जे राखीव ठेवायचं ते रोजच्या घरखर्चात काढलेलं. त्यामुळे महिन्याचं भागतं. पण लग्नकार्य निघालं की हात रिकामा! चालणं हे पोटरीचं लग्नकार्यच समजा, स्नायूला दसपट रक्त लागायला लागतं आणि जोरदार व्यायामात निरोगी माणसाच्या एका पायात मिनिटाला काही लिटर जातं. आप्पांच्या बारीक वाहिन्यांकडे अजून उघडायला फारशी जागाच नव्हती, आणि आडवाटांनी येऊन येऊन येणार किती.

त्यातही गंमत अशी की अरुंद जागेतून जाताना रक्ताचं जे प्रेशर गळतं ते वेगावर अवलंबून असतं, आणि सरळ हिशोबात नाही, वेग दुप्पट झाला की तिथली गळती जवळपास चौपट. म्हणजे बसलेले असताना जो ब्लॉक २०-३० पॉइंट खातो तोच चालताना सगळं प्रेशर खाऊन टाकू शकतो. आणि पावलागणिक पोटरीचा स्नायू आवळतो, आवळला की आतल्या वाहिन्या चेपतात, निरोगी पायात प्रेशर जोरात असल्यामुळे दोन आवळण्यांच्या मधल्या क्षणात भरपूर रक्त आत घुसतं. आप्पांच्या पायात ते घुसायलाच जोर नव्हता. मग स्नायू ऑक्सिजनशिवाय ओढतो, आणि गोळा येतो. थांबलं की आवळणं थांबतं, उधारी फिटते, दोन मिनिटांत पाय मोकळा.

कमरेचं दुखणं वेगळं ओळखता येतं. तिथे नुसतं उभं राहून सहसा भागत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, त्यामुळे अशी माणसं सायकल आरामात चालवतात. आप्पा गिरणीपाशी ताठ उभे राहून गप्पा मारत होते आणि तरी पाय सुटत होता, ते ऐकूनच मला वाटलं की ही नाडीची केस.

ट्रेडमिलचे दोन्ही रिपोर्ट असतील तर आकडे टाका, नुसत्या ०.७६ वर काही बोलणार नाही.

ठिबकवाला_तासगाव

ताईंनी भारी सांगितलं. मी शेतकरी माणूस, डॉक्टरकीतलं काय कळत नाही, पण हेच्यातलं पाइपलाइनचं कळतं. आमच्या द्राक्षबागेला विहिरीपासनं जुनी लोखंडी लाइन होती, आतनं क्षार धरून भोक निम्मं झालेलं. मोटर चालू करून सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले की टोकाचा गेज फुल्ल प्रेशर दाखवायचा! वडील म्हणायचे बघ की, लाइन झक्कास आहे, तुझंच कायतरी. एक व्हॉल्व्ह उघडला तरी चालायचं. चारी प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले की काटा धाडकन खाली आणि शेवटच्या ओळीतल्या ड्रिपरमधनं थेंब पण नाही. तवा पाणी वाहत नसताना गेज बघून लाइनची परीक्षा होत नाही, सगळं उघडून बघायला पाहिजे. तुमच्या आप्पांना ट्रेडमिलवर चढवलं ते तेवढ्यासाठीच असणार.

आणि भोक निम्मं म्हणजे पाणी निम्मं असं बी नसतंय. इंजिनिअर पोरगा सांगतो, भोकाचा व्यास निम्मा झाला की अडथळा सोळापट. सोळा! ऐकून मी दुसऱ्या दिवशी पाइप आणायला गेलो.

अजून एक सांगतो, त्याचा इथं संबंध आहे का बघा. नवीन पाइप टाकला आणि पाणी जोरात आलं, तर आता गाळणी अडायला लागली. आधी ती गाळणी कधी नडली नव्हती, कारण तिच्यापर्यंत एवढं पाणीच येत नव्हतं.

आइंडहोवनकर

हाय, मूळचा नाशिकचा, आता सात वर्षं नेदरलँड्समध्ये. आमच्या शेजारच्या आजोबांना हेच होतं त्यामुळे थोडं माहितीये. इथे या दुखण्याचं बोलीतलं नाव "एतालाझबेनेन", म्हणजे शोकेसचे पाय. माणूस दर दुकानाच्या काचेपुढे थांबतो आणि आत बघतोय असं दाखवतो. जर्मनीतही असंच नाव आहे, दुकानाच्या खिडकीचा आजार. आप्पांची गिरणी म्हणजे तेच की!

इथे आजोबांना आधी स्टेंट नाही दिला, आधी फिजिओकडे पाठवलं. २०१७ पासून बेसिक इन्शुरन्समध्येच ३७ सेशन्स बसतात. ट्रेडमिलवर चालवायचे, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत, मग बसवायचे, दुखणं पूर्ण गेलं की परत, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातनं तीनदा, तीन महिने. मला आधी हा छळ वाटला. पण आजोबा तीन महिन्यांनी कालव्याच्या कडेने कुत्र्याला घेऊन न थांबता फिरायला लागले.

मग मी जरा वाचलं. अमेरिकेत क्लेव्हर नावाची ट्रायल (पेशंटचे गट करून उपचारांची तुलना) झाली, २०१२ साली निकाल आला, पेशंट १११, आणि दादा, त्यात तुमच्या आप्पांसारखे वरच्या धमनीत ब्लॉक असलेलेच घेतले होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरचा जास्तीत जास्त वेळ किती वाढला, तर नुसत्या औषधांनी १.२ मिनिटं, स्टेंटवाल्यांचा ३.७ आणि देखरेखीखाली चालवलेल्यांचा ५.८. म्हणजे चालणारे पुढे! पण एबीआय सुधारला तो स्टेंटवाल्यांचाच, चालणाऱ्यांचा जवळपास होता तिथेच. पाइप तोच, प्रेशर तेच, आणि माणूस जास्त चालतोय. मला हे वाचून चक्रावल्यासारखं झालं, ताई यावर बोलतील तर बरं.

यावरनं स्टेंट फुकट गेला असं कृपया कुणी काढू नका, कारण रोजचं जगणं कसं वाटतं या प्रश्नांवर स्टेंटवालेच पुढे होते. आणि इथे नेदरलँड्समध्ये २१२ पेशंटवर इरेझ नावाची ट्रायल झाली, तिचा निकाल २०१५ चा, त्यात एका गटाला फुगा-स्टेंट करून वर चालायला लावलं आणि दुसऱ्याला नुसतं चालायला लावलं. वर्षभराने दोघंही हजार मीटरच्या पुढे, पण दोन्ही केलेले साधारण १५०० मीटर आणि नुसते चालणारे साधारण १२४०. तेव्हा तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा आणि आप्पांना बूट द्या.

कृष्णाकाठ_कराड

सगळ्यांचे आभार. ठिबकवाले दादा, आप्पांना वाचून दाखवलं, सोळापट ऐकून गप्प बसले, मग म्हणाले एवढं बिडीनं झालं व्हय.

ताई, हे घ्या आकडे. दोन्ही वेळा ताशी ३.२ किमी, १२ टक्के चढ, जास्तीत जास्त ५ मिनिटं असं लिहिलंय. स्टेंटच्या आधी हाताचं १५०, घोट्याचं ८७. आप्पा १ मिनिट ५० सेकंदाला थांबले. लगेच घेतलं तर हाताचं १८० आणि घोट्याचं ४०. परत पहिल्यासारखं व्हायला ९ मिनिटं. स्टेंटनंतर सहा आठवड्यांनी हाताचं १४५, घोट्याचं १३५. पूर्ण ५ मिनिटं चालले, शेवटी शेवटी पोटरी जड. नंतर हाताचं १६५, घोट्याचं १२५. २ मिनिटांत परत जागेवर.

डॉप्लरताई

अहो दादा, हे तर छान आकडे आहेत! नुसत्या ०.७६ कडे बघून घाबरलात.

बघा, पहिल्या वेळी चालल्यावर घोट्याचं ८७ वरून ४० वर आलं, म्हणजे हाताचं वर चढतंय आणि पायाचं खाली कोसळतंय. त्या वेळचा एबीआय काढला तर ०.२२ येतो. पोटरीच्या स्नायूंनी होतं नव्हतं ते सगळं ओढून घेतलं, घोट्यापर्यंत काही उरलंच नाही. काही पेशंटमध्ये तर चालून उतरल्यावर मिनिट-दोन मिनिट घोट्याला आवाजच ऐकू येत नाही मशिनवर, नवीन मुली दचकतात. आणि ९ मिनिटं, ती उधारी फेडायचा वेळ.

आता दुसऱ्या वेळी १३५ वरून १२५, फक्त १० पॉइंट. आम्ही बघतो ते असं की घोट्याचं प्रेशर ३० पॉइंटपेक्षा जास्त पडलं किंवा एबीआय २० टक्क्यांपेक्षा जास्त घसरला तर चालताना कमी पडतंय म्हणायचं. तुमचं ०.९३ चं ०.७६, म्हणजे १८ टक्के, आणि त्यातला बराचसा भाग हाताचं प्रेशर वर गेल्यामुळे, पायाचं पडल्यामुळे नाही. शिवाय तुलना करताना एक विसरू नका, पहिल्यांदा त्यांनी दोन मिनिटंसुद्धा काम केलं नव्हतं, आता पाच केलं. जास्त काम करून कमी पडलं आणि २ मिनिटांत वर आलं. चालताना जाणारं रक्त खरोखर वाढलंय याचा यापेक्षा सरळ पुरावा आमच्या लॅबमध्ये मिळत नाही.

अजून एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. आधी १ मिनिट ५० सेकंदात हाताचं बीपी ३० ने वाढलं, आता ५ मिनिटांत २० ने. उपाशी स्नायूतल्या नसा मेंदूकडे ओरडा करतात आणि बीपी उगाच चढतं, अशा पेशंटमध्ये हे दिसतं. रक्त पोचायला लागलं की तो ओरडा कमी होतो. एका माणसाच्या एका आकड्यावर फार मोठं काही बांधू नये, पण दिशा बरोबर आहे.

मग चढावर जड का? दोन कारणं असू शकतात. एक ठिबकवाले दादांनी आधीच सांगितलंय आणि मला वाचून खूप आवडलं, त्यांची गाळणी. मांडीतला ४०-५० टक्केवाला. वरून रक्तच कमी येत होतं तोवर त्याचा काही त्रास नव्हता, आता वरचा रस्ता मोकळा झाला, वेग वाढला, तर चढावर तो थोडं प्रेशर खात असेल. म्हणून तो लगेच उघडायचा असं नाही हं. मांडीतली धमनी लांब असते, चालताना वाकते, पिळते, तिथले स्टेंट पोटातल्या स्टेंटइतके टिकत नाहीत, त्यामुळे सर्जन तिथे घाई करत नाहीत ते बरोबरच आहे.

दुसरं कारण स्नायूच. दोन-अडीच वर्षं रोज उपाशी राहायचं आणि मग अचानक भरपूर रक्त, अशी चक्रं काढून त्या पोटरीतल्या पेशींच्या भट्ट्या बिघडलेल्या असतात, स्नायू बारीक झालेला असतो. स्टेंट टाकला की त्या क्षणी रक्त पोचतं, पण आलेला ऑक्सिजन वापरायची ताकद टेबलावर परत येत नाही. ती चालूनच येते. आइंडहोवनकरांच्या चक्रावण्याचं उत्तरही हेच, चालायच्या ट्रेनिंगने मोठा पाइप रुंद होत नाही, पण स्नायू आहे तेवढ्या रक्तात जास्त काम काढायला शिकतो, बारीक वाहिन्या नीट उघडायला लागतात, आणि चालण्याची ढबही सुधारते, लंगडून चालण्यात किती ताकद वाया जाते बघा कधीतरी. आप्पांकडे आता रक्त पण आहे, तेव्हा दोन्हीचा फायदा घ्या.

स्टेंट चालण्याने सरकत नाही. तो धमनीत दाबून बसवलेला असतो आणि काही आठवड्यांत त्यावर आतलं अस्तर चढतं. रक्त गोठू न देणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी आधी सर्जनना फोन. आणि पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला आणि जोरात दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, काही तासांचाच खेळ असतो, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं.

पूर्वी_मेहेंदळे_नाही

मधेच विचारते, माझ्या आईला वीस वर्षं शुगर आहे, तिचा एबीआय १.४५ आला. एकच्या वर म्हणजे मस्तच ना?

डॉप्लरताई

नाही हो, उलट सावध व्हा. जुन्या शुगरमध्ये घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत चुना बसतो, पट्टा फुगवला तरी त्या चेपत नाहीत आणि आकडा खोटाच मोठा येतो. १.४ च्या वर गेला की पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांगा, तिथल्या बारीक वाहिन्यांत सहसा असा चुना नसतो. आणि रोज रात्री तिचे तळवे तुम्ही स्वतः बघा.

बिडी_सोडली_२०१७

सोलापूरहून. माझं जरा वेगळं आहे म्हणून लिहितो. माझी मांडीतली धमनी पूर्णच बंद होती, लांब पट्टा, तिथं फुगा जमणार नाही म्हणाले, मग माझ्याच पायातली शीर काढून जांघेपासून गुडघ्यापर्यंत बायपास केला. त्याच्या आधीचं ऐका, एकानं पायाच्या नसा फुगल्या आहेत म्हणून घट्ट लांब मोजे दिले होते, मी गुणी बाळासारखं दिवसरात्र घातले, आणि आठ दिवसांत करंगळी निळी. नंतर कळलं की रक्त परत नेणारी शीर वेगळी आणि रक्त आणणारी धमनी वेगळी, शिरेच्या दुखण्याला मोजे ठीक, पण धमनी बंद असताना वरनं आवळलं तर होतं तेवढं पण बंद. कुणाला पायाला मोजे सांगितले तर आधी नाडी बघा म्हणावं.

बायपासनंतर दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. पहिली, पाय सुजला, चांगला टम्म, मला वाटलं गेला बायपास. तसं नव्हतं. एकाएकी रक्ताचा लोंढा आल्यावर आणि चिरा पडल्यावर असं होतं, काही आठवडे राहतं. चालायचं आणि बसलं की पाय वर ठेवायचा, दोनेक महिन्यांत उतरला.

दुसरी जरा महत्त्वाची, म्हणून आप्पांच्या पोराला मुद्दाम सांगतोय. पाय दुखायचा तेव्हा मी शंभर पावलांवर थांबायचो, त्यामुळं छातीला कधी कामच पडलं नव्हतं. पाय मोकळा झाला, मी आपला जोशात सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारायला लागलो, आणि पंधरा दिवसांत छाती बोलायला लागली. डाव्या जबड्यापर्यंत कळ. हृदयाची अँजिओग्राफी केली तर तिथं पण दोन ब्लॉक. ज्या बिडीनं पायाच्या धमन्या खाल्ल्या ती हृदयाच्या काय सोडणार होय. पायानं एवढे दिवस हृदयाला झाकून ठेवलं होतं. तवा आप्पांचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का, स्ट्रेस टेस्ट (चालवून हृदयाची तपासणी) झालीय का विचारून घ्या आणि मग चढ चढवा. छातीत, जबड्यात, हातात काय वाटलं तर आपल्या माणसाला लगेच सांगायचं, गिरणीपाशी थांबून गप्पा मारायच्या नाहीत.

आइंडहोवनकर

बाप रे. हे कुठेच वाचलं नव्हतं. काका आता बरे आहात ना?

बिडी_सोडली_२०१७

हो. हृदयात दोन स्टेंट, पायात बायपास, आणि रोज चार किलोमीटर. दर सहा महिन्याला पायाचा डॉप्लर करतो, बायपास आतनं आकसायला लागला तर तो बंद पडायच्या आधी कळतं म्हणून.

कृष्णाकाठ_कराड

काका, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी आप्पांना घेऊन गेलो. टूडी एको आधी झाला होता तो ठीक होता, स्ट्रेस टेस्ट झाली नव्हती, ती केली, हृदयाचे डॉक्टर म्हणाले चालू द्या, फक्त जेवल्या जेवल्या नको. मांडीतल्या ब्लॉकबद्दल सर्जनना विचारलं, ते म्हणाले गाळणी आत्ता धुवायची गरज नाही (मी त्यांना गाळणीच म्हणालो, ते हसले आणि समजले). तीन महिने चालून परत ट्रेडमिल. कोलेस्टेरॉलची गोळी कायमची आहे हे पण आत्ता कळलं, आम्ही रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडणार होतो. पायाचं रक्त वाढवायची गोळी आधी दिली होती तिनं त्यांचं डोकं दुखायचं आणि धडधडायचं, ती बंद केली. हार्ट फेल्युअर असेल तर ती देतच नाहीत हे पण त्यांनीच सांगितलं.

ठिबकवाला_तासगाव

मग, आप्पा चालतात का?

कृष्णाकाठ_कराड

उशीर झाला उत्तराला, ऊसतोड चालू होती. सात आठवडे झाले. आठवड्यातनं पाच दिवस नेतो, मोबाइलवर वेळ लावतो. पहिल्या आठवड्यात चढावर चौथ्या मिनिटाला पोटरी जड व्हायची, आता नवव्या-दहाव्याला होते, मग थांबतो, पूर्ण गेली की परत. आप्पांनी स्वतःची वही केलीय, जुन्या तिकिटांच्या हिशोबासारखी, तारीख, किती मिनिटाला भरली, किती मिनिटात सुटली. आत्या अजून नाराज आहे पण परवा तीच विचारत होती की माझ्या गुडघ्याला चाललेलं चालेल का.

जाताना आता कुठंच थांबत नाहीत. येताना घाट चढून आलं की एकदा, वर आल्यावर, तेवढंच. काल गिरणीवाला मला बाजूला घेऊन विचारत होता, आप्पा आमच्यावर रागावलेत का, हल्ली हाक मारत नाहीत, सरळ निघून जातात.